बिननावाची गोळी

"स्टूल बसायला आहे, मास्तर. भिंतीला टेकू नकोस. रंग नवा आहे."

डॉक्टरसाहेबांचं हे पहिलं वाक्य. मी धापा टाकत त्यांच्या टेबलासमोर येऊन उभा होतो. छातीत शिट्टी वाजत होती. श्वास आत जात होता आणि बाहेर पडताना अडत होता. टेबलाच्या अलीकडे गादीची एक खुर्चीही होती. रिकामी. ती कुणासाठी असते हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी स्टुलावर बसलो आणि पाठ ताठ ठेवली.

दाराला पडदा होता, तो ओढलेला नव्हता. बाहेर बाकांवर संध्याकाळची गर्दी. त्या गर्दीत माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई होती. मला पाहून तिनं हात जोडले होते.

मी गणित शिकवतो. सांगायचं ते क्रमानं सांगायची सवय आहे. दम लागलेला असतानाही मी क्रमानंच सांगितलं. दमा उसळला आहे, हे आधी. मग हे, की झोपेची गोळी मी हळूहळू कमी करत पूर्ण सोडली आहे आणि माझे मज्जातंतू अजून सावरलेले नाहीत. आणि शेवटी, दम्यासाठी स्टेरॉइड द्यावं लागलं तर जरूर द्या, पण मला सांगून द्या. माझ्यासारख्या अवस्थेतल्या माणसाचं डोकं त्यानं भडकू शकतं, असं मला बजावलेलं आहे.

"कुणी बजावलं?"

"सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी."

"मग त्यांच्याकडेच जायचं. इथं कशाला आलास?"

उत्तर द्यायला पुरेल एवढा श्वास मी जमवत होतो. तोवर त्यांनी छातीला नळी लावली, उचलली, आणि कंपाउंडरला बोटानं खूण केली. सुई आली.

"यात काय आहे, डॉक्टरसाहेब?"

ते थांबले. दाराकडे वळले. बाहेरच्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "बघा, मास्तर माझी तोंडी परीक्षा घेतायत. अरे, तुझ्या बापानं जन्मभर माझ्या हातची गोळी खाल्ली. कधी नाव विचारलं नाही. आणि ज्याला डोक्याच्या गोळीचं व्यसन लागलं, तो मला नाव विचारणार?"

बाहेर एक जण हसला. मग बरेच हसले. त्या मुलीची आई हसली नाही. तिनं मांडीवरच्या पिशवीचा बंद सोडला आणि पुन्हा बांधला.

सुई दंडात गेली. कोऱ्या कागदाच्या पुड्या हातात पडल्या. "सकाळ, दुपार, संध्याकाळ. आणि यांचा अभ्यास करत बसू नकोस."

थोड्या वेळानं छाती मोकळी झाली. मी उठलो. "थँक्यू, डॉक्टरसाहेब," असं म्हणालो. तेही मोठ्यानं, बाहेरच्यांना ऐकू जावं म्हणून.

पेठांतले जुने दवाखाने ज्यांनी पाहिलेले नाहीत, त्यांच्यासाठी इथं थोडं थांबून सांगतो.

अशा दवाखान्यात औषधाला नाव नसतं. भिंतीशी एक मांडणी असते. तिच्यावर काचेच्या बरण्या. एकीत पांढऱ्या गोळ्या, एकीत केशरी, एकीत गुलाबी. डॉक्टर आतून सांगतात, कंपाउंडर बाहेर गोळ्या मोजतो, कागदाच्या चौकोनावर ठेवतो, चार घड्या घालतो. पुडी तयार. घरी आल्यावर माणसं म्हणतात, "केशरी जेवणानंतरची, पांढरी झोपताना." रंग आणि वेळ, एवढंच रोग्याचं ज्ञान. त्याच्यापुढचं सगळं डॉक्टरांचं.

माझे वडील बुकबाइंडर होते. आमच्या कारखान्यात वह्यापुस्तकांच्या कडा कापल्या की कागदाची कातरण उरायची. वडील त्यातले चांगले तुकडे निवडून पुडीच्या मापाचे चौकोन कापायचे. दर ईदला शिरखुर्म्याचा डबा आणि त्या चौकोनांचा गठ्ठा घेऊन ते डॉक्टरसाहेबांकडे जात. मीही बरोबर असे. डबा पाहून डॉक्टरसाहेब म्हणत, "अरे वा. त्याला दे," आणि कंपाउंडरकडे हात करत. झाकण कधी उघडलं गेलं नाही. गठ्ठा मात्र ते स्वतः हातात घेत आणि एकेक कागद उलटून बघत. "कोरा आहे ना? अक्षर नको हां."

आमच्या हातचं अन्न चालत नव्हतं. आमच्या हातचा कागद चालत होता, तोही कोरा.

वडिलांना यात काही वावगं दिसलं नाही. घरात आम्ही दख्खनी बोलतो, त्या बोलीत ते म्हणायचे, "हकीम कू नुस्खा नै पूछते." हकिमाला औषधाची कृती विचारायची नसते. हे वाक्य आमच्या घरात अदब म्हणून शिकवलं गेलं. मी ते इतर पाठांसारखंच पाठ केलं.

वडील गेले तेव्हा माझी झोप उडाली. तोवर आम्ही पेठ सोडून बिबवेवाडीत राहायला आलो होतो, तरी डॉक्टर तेच होते. डॉक्टरसाहेबांनी पुडी दिली. छोटी पांढरी, झोपताना. झोप लागली. पुडी संपली की दुसरी आणायची. दुसरी संपली की तिसरी. अशी वर्षं गेली. एकदाही कुणी म्हणालं नाही की ही गोळी थोडेच दिवस घ्यायची असते.

मग डॉक्टरसाहेब परदेशातल्या मुलीकडे गेले. दवाखान्याला कुलूप लागलं. माझी पुडी संपली. नाव ठाऊक नाही, तर दुकानात जाऊन मागणार काय? "छोटी पांढरी द्या," असं म्हणणार? औषधाच्या दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, इथं निम्मं दुकान छोटं पांढरंच आहे."

पुढचं शब्दांत मांडणं अवघड आहे. तरी प्रयत्न करतो, कारण ज्यांच्या बाबतीत ते घडतं त्यांना वाटतं की आपल्या एकट्याचंच हे झालं. कातडीखाली मुंग्यांनी वारूळ केल्यासारखं होतं. भांडं खाली पडलं तर तो आवाज दातांच्या मुळांत शिरतो. उजेड टोचतो. भिंत श्वास घेते. शेवटी माझं अंग वाकडं झालं, तोंडाला फेस आला, आणि बायकोनं मला सरकारी रुग्णालयात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाई वयानं माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या असतील. त्या मला "सर" म्हणाल्या. पिशवीत राहून गेलेली एक अर्धी गोळी आणि माझी सगळी हकीकत, एवढ्यावरून त्यांनी ओळखलं. म्हणाल्या, "सर, या गोळीला नाव आहे. क्लोनाझेपाम. हिला बेंझोडायझेपिन म्हणतात. अशी एकदम बंद करायची नसते, झटके येतात, जीवही जाऊ शकतो." नाव ऐकून मी रडलो. इतकी वर्षं जे माझ्या पोटात होतं, त्याचं नाव मला परक्या माणसाकडून कळत होतं.

त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. कात्रजच्या उतारावरून सायकल खाली येते आहे अशी कल्पना करा. मेंदूचा स्वतःचा एक ब्रेक असतो. ही गोळी तो ब्रेक बाहेरून दाबून धरते. वर्षानुवर्षं बाहेरचा हात ब्रेक दाबत राहिला की आतला ब्रेक गंजतो. एका दिवसात बाहेरचा हात काढला तर सायकल सुटते. म्हणून हात हळूहळू काढायचा आणि आतल्या ब्रेकला काम करायला वेळ द्यायचा. पुन्हा सुरू केलेली ती गोळी मी कणाकणानं कमी केली. गोळीचा शेवटचा तुकडा घेऊन झाल्यावरही बाई म्हणाल्या, "गोळी संपली, सर, काम संपलेलं नाही. मज्जातंतूंना अजून महिने लागतील. दमा आहे तुम्हाला. स्टेरॉइडची वेळ आली तर घ्या, ते जीव वाचवतं. पण अशा उतारावर ते पायडल मारतं. झोप जाते, राग येतो, भलते विचार येतात. म्हणून देणाऱ्याला आधी सांगा, आणि काय देताहेत ते विचारा."

पुढे डॉक्टरसाहेब परतले, भिंती रंगवून दवाखाना पुन्हा उघडला, आणि दमा उसळला तेव्हा माझे पाय सवयीनं तिकडेच वळले. सांगितलं. विचारलं. बाकावरची माणसं हसली. मी घरी येऊन पुडी उघडली आणि गोळी घेतली.

मी ती का घेतली, हे लोक आजही विचारतात. उत्तर सोपं आहे. श्वास लागला होता. श्वास नसलेला माणूस वाद घालत नाही.

श्वास पुन्हा अडू नये म्हणून, संपली की नवी पुडी आणत, मी काही आठवडे ती घेत राहिलो. पहिल्यांदा झोप गेली. मग तोंडात लोखंडाची चव आली. मग राग आला. हा राग माझ्या ओळखीचा नव्हता. आपल्या रागाला कारण असतं, आणि कारण संपलं की तो ओसरतो. या रागाला कारण नव्हतं, म्हणून ओसरायची वाटही नव्हती. कुकरची शिट्टी झाली आणि मी कुकर ओट्यावरून उचलून भिंतीवर फेकला. वाफेनं मनगट भाजलं, ते मला दिसलं, दुखलं नाही. आरशात माझा चेहरा होता. मी त्यावर कपाळ आपटलं. काच फुटली. बायकोनं भुवईवर फडकं दाबलं. ती म्हणाली, "जी, ये तुम नै हो." हे तुम्ही नाही.

मी शाळेत गेलो. जायला नको होतं हे खरं, पण शिक्षक माणूस घरी बसला की लगेच चौकशा होतात. वर्ग चालू होता, वर्तुळाचा धडा. फळ्यावर वर्तुळ काढायचा तो मोठा लाकडी कंपास, ज्याला एका पायाला लोखंडी टोक असतं, तो माझ्या हातात होता. मागच्या बाकावर कुणाचंतरी पेन पडलं. एवढाच आवाज. कंपास माझ्या हातातून सुटला. सुटला म्हणणं चूक आहे, मी तो फेकला. टोक मागच्या भिंतीत रुतलं, एका मुलीच्या डोक्याच्या हातभर वर. ती मुलगी खाली वाकलेली होती, पेन उचलायला. वाकलेली नसती तर.

सगळी मुलं माझ्याकडे बघत होती, आणि त्या नजरांत पूर्वी कधी नसलेलं काहीतरी होतं. भीती होती. मला मुलांची भीती वाटायची सवय नाही. मुलांना माझी भीती वाटावी, याचीही नाही.

मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावलं. ते हळू आवाजात आणि नेमकं बोलतात. "सर, आपण काही दिवस घरी बसा. आपल्याकडे मुलं भूमिती शिकायला येतात, भालाफेक नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "आपल्या डॉक्टरांचा दाखला आणा, की आता ठीक आहे म्हणून. म्हणजे मलाही वर सांगता येईल." शिक्षकांच्या खोलीवरून जाताना आतलं वाक्य ऐकू आलं. "काही म्हणा, त्यांच्यात रक्तच गरम." ज्यानं ते म्हटलं, तो माझ्याबरोबर रोज डबा खात असे.

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, बिबवेवाडीतच टायरचं दुकान चालवतो. मनानं चांगला आहे. त्याला वाटलं, डॉक्टरसाहेबच याला शांत करतील. तोच मला रिक्षात घालून पुन्हा त्या दवाखान्यात घेऊन गेला. बायको बरोबर होती. सगळ्या वाटेत मी पुढची दांडी धरून बसलो होतो. दांडी वाकावी असं वाटत होतं.

या वेळी मला स्टुलावरही बसवलं नाही. तपासणीच्या पलंगावर आडवं केलं. पडदा तसाच उघडा. बायकोला बाहेर थांबवलं. डॉक्टरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मेहुण्याच्या तोंडून. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"व्यसन सुटलं की असंच होतं," ते म्हणाले. "धरा. एकानं हात, एकानं पाय."

मेहुण्यानं खांदे दाबले. कंपाउंडरनं घोटे. "भाईजान, दो मिनिट का काम है," मेहुणा कानाशी म्हणाला. त्याच्या बोटांना रबराचा वास येत होता.

सुईत औषध भरलं जात होतं.

"त्यात काय आहे?"

"शांत व्हायचं."

"नाव काय?"

"गप पड."

इथं मला सगळं एकदम स्पष्ट दिसलं. राग तसाच होता, अंग तसंच पेटलेलं होतं, पण त्या आगीत एक जागा थंड होती आणि तिथं गणित मांडलं जात होतं. शांत करायचं इंजेक्शन. म्हणजे बहुतेक त्याच जातीचं औषध, जे मी कणाकणानं सोडलं होतं. एकदा सुई आत गेली की बाहेरचा तो हात पुन्हा ब्रेकवर. सगळा उतार पुन्हा पहिल्यापासून. माझ्याजवळ कमावलेलं असं एवढंच होतं, माझा स्वतःचा ब्रेक, आणि तो मला न विचारता घेतला जाणार होता.

"नाव सांगा," मी म्हणालो. "मगच टोचा."

त्यांनी मला थोबाडीत मारली.

उजव्या हातात सुई होती म्हणून डाव्या हातानं मारली. शाळेत मुलाला मारावी तशी, फार जोरात नव्हे, अद्दल घडावी इतपत. "बापासारखा अदबीनं राहायला शिक," म्हणाले. पाऊण आयुष्य फळ्यासमोर उभं राहिलेल्या माणसाला, त्याच्या बायकोच्या भावासमोर, बाकांवरच्या सगळ्यांसमोर.

माझा पाय सुटला. तो कंपाउंडरला लागला नाही, मांडणीला लागला. मांडणी डोलली आणि खाली आली. बरण्या फुटल्या. पांढऱ्या, केशरी, गुलाबी गोळ्या फरशीवर घरंगळल्या, बाकांखाली गेल्या, लोकांच्या चपलांना जाऊन टेकल्या. मी पलंगावरून उतरलो तो काचांवर. तळपाय कापला. रक्त गोळ्यांत मिसळलं. बाया ओरडत होत्या. मेहुणा भिंतीशी जाऊन उभा राहिला होता, त्या नव्या रंगाच्या भिंतीशी.

"पोलिसांना फोन लाव," डॉक्टरसाहेब कंपाउंडरला म्हणाले. सुई अजून हातात होती. ते पुढे आले. "यांच्या रक्तातच असतं."

मी त्यांचं मनगट धरलं.

मारलं नाही. हे मी पोलिसांना सांगितलं, तुम्हालाही सांगतो, कारण अंगातली प्रत्येक शीर मार म्हणत होती. तो हात मुरगळायला किती बळ लागेल याचा हिशेब माझ्या बोटांना झाला होता. मी फक्त धरलं. घट्ट. सुईचं टोक आमच्या दोघांच्या मध्ये होतं.

"माझ्या रक्तात नव्हतं," मी म्हणालो. "तुम्ही घातलंत. काय घातलंत त्याचं नाव सांगा."

"हात सोड."

"आधी नाव. मग हात."

"सोड म्हणतो ना."

"'सोडा' म्हणा. आणि नाव सांगा."

तेवढ्यात बायको आत आली. मला वाटलं, ती माझी बोटं सोडवायला आली. तिनं काचा ओलांडल्या, माझ्या बाजूला उभी राहिली, आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "सांगा ना, डॉक्टर. नावच विचारतायत." आयुष्यभर ती "डॉक्टरसाहेब" म्हणत आली होती. त्या दिवशी "साहेब" गळून पडलं. तिनं ते उचललं नाही.

डॉक्टरांच्या मनगटाचा घाम माझ्या तळव्याला लागत होता. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "डायझेपाम."

"आणि पुडीत?"

"प्रेडनिसोलोन."

"आणि हे काय असतं?"

"स्टेरॉइड." आवाज इतका बारीक, की वर्गातला मुलगा असता तर मी म्हणालो असतो, मागच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे. मी तेच म्हणालो.

"स्टेरॉइड," ते मोठ्यानं म्हणाले.

मी हात सोडला. त्यांच्या मनगटावर माझ्या बोटांचे पांढरे पट्टे उमटले होते. बाकावरून एक म्हातारे गृहस्थ उठले. धोतर, कोट, हातात आपली पुडी. अतिशय नम्रपणे म्हणाले, "डॉक्टर, मग माझ्या गुडघ्याच्या पुडीत काय असतं हो?"

डॉक्टरांनी सुई टेबलावर ठेवली आणि पाठ वळवली. ते गृहस्थ पुन्हा बसले नाहीत. तसेच उभे राहिले.

चौकीत मला लाकडी बाकावर बसवलं. पायाला फडकं बांधलेलं होतं. हवालदारानं पूर्ण नाव विचारलं. ऐकून मान वर केली, पुन्हा विचारलं, मग सावकाश लिहिलं. डॉक्टरवर हात टाकल्याबद्दल कायदा कडक आहे, असं त्यानं समजावलं. मी म्हणालो, असायलाच हवा. ज्या डॉक्टरबाईंनी मला जगवलं, त्यांना एका रोग्याच्या नातेवाइकांनी धक्काबुक्की केलेली मी पाहिली आहे. "मग तुम्ही असं का केलंत?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं लिहिलं, "आरोपीनं डॉक्टरांचं मनगट पकडलं." पुढचं वाक्य त्याला लांब वाटलं असावं.

जामीन झाल्यावर मी पुन्हा सरकारी रुग्णालयात गेलो. वाटलं होतं, बाई म्हणतील, फेकून द्या त्या पुड्या. त्या म्हणाल्या, "आता एकदम थांबवता येणार नाही, सर. इतके दिवस घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायला विसरतं. पायरीपायरीनं उतरू. सगळी मात्रा सकाळी, म्हणजे झोपेला कमी त्रास. आणि दम्यासाठी रोज इन्हेलरचा फवारा. त्यातही स्टेरॉइडच असतं, पण बरंचसं छातीतच राहतं, डोक्यात फार पोचत नाही."

म्हणजे ज्या गोळीनं मला पेटवलं, तीच गोळी मला आणखी काही काळ जाणून-बुजून गिळायची होती. मी गिळली. रोज सकाळी नाव मोठ्यानं म्हणून गिळली. बायको ऐकत असे. आग यायची. मी न्हाणीघरात जाऊन ओला पंचा दातांत धरून बसायचो आणि अवघड वर्गमुळं तोंडी काढायचो. एकदा दात इतके आवळले की दाढेचा तुकडा पडला. पण घरातलं काही फुटलं नाही. पेटण्यात फरक नव्हता. फरक एवढाच होता की आता हे काय आहे, कुठून आलं आणि कधी उतरेल, हे मला ठाऊक होतं. एखाद्याच्या हातून हे ज्ञान काढून घेणं म्हणजे काय, हे मला त्या न्हाणीघरात समजलं. तो माणूस स्वतःलाच राक्षस समजू लागतो. आणि बाहेरचे लोक म्हणायला तयारच असतात, की हा आहेच राक्षस, याची जातच ती.

मग तडजोड आली. मुख्याध्यापक स्वतः घरी आले, मेहुणा त्यांच्यामागून. चहा झाला. मुख्याध्यापकांनी निरोप सांगितला. डॉक्टर तक्रार मागं घ्यायला तयार आहेत. शाळाही मला परत घेईल. मी दोन ओळी लिहून द्यायच्या, की औषधांच्या व्यसनामुळे माझा तोल गेला आणि मी बिनशर्त माफी मागतो.

"'व्यसन' हा शब्द हवाच का?" मी विचारलं.

"त्यांचा तेवढाच आग्रह आहे, सर. दोन ओळींनी काय होतं? शब्दाला वजन आपण दिलं तर येतं."

"मी मुलांना याच्या उलट शिकवतो."

मेहुणा म्हणाला, "भाईजान, लिख डालो ना. अब्बा होते तो लिखते."

लिहिलं असतं. खरंच लिहिलं असतं. वडिलांनी माफीचा कागदही स्वतःच कापून नेला असता, सरळ कडांचा.

मी मुख्याध्यापकांना सांगितलं ते इथं तसंच देतो. बरण्या फुटल्या त्याबद्दल दिलगिरी लिहीन. कंपास फेकला त्याबद्दल त्या मुलीच्या घरी जाऊन, तिच्यासमोर, तिला कळेल अशा शब्दांत माफी मागितली आहे, आणि सगळ्या वर्गासमोरही मागेन. पण जे औषध मला न सांगता वर्षानुवर्षं दिलं गेलं, त्याला मी माझं व्यसन म्हणणार नाही. आणि नाव विचारलं याची माफी मागणार नाही.

मुख्याध्यापकांनी कप खाली ठेवला. "सर, केस चालेल. वर्षानुवर्षं चालेल. शाळेत परत येणं कठीण आहे."

"ठाऊक आहे."

ते गेले. मेहुणा त्यांच्याबरोबर गेला. तेव्हापासून तो आमच्याकडे येत नाही. शाळेनं माझा वर्ग दुसऱ्याला दिला आहे. सकाळी उठतो तेव्हा अजूनही कधीकधी कातडी जळते, आवाज टोचतात. बाई म्हणतात, हेही ओसरेल. कदाचित ओसरेल.

खटला उभा राहील. वकील मला विचारतील, तुम्ही डॉक्टरांचं मनगट धरलंत का? मी म्हणेन, धरलं. मग विचारतील, पश्चात्ताप होतो का? नाही होत. आणि मग, मला खात्री आहे, त्यांच्यातला एखादा हुशार माणूस चष्म्यावरून बघत विचारेल, की मग पुन्हा अशी वेळ आली तर काय कराल?

मी उभा राहून, मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात उत्तर देईन. सुई माझ्याकडे येत असो किंवा शेजारच्या अनोळखी माणसाकडे, तिच्यात काय आहे ते सांगितलं नाही तर मी पुन्हा मनगट धरीन. आणि त्या वेळी, माझा पहिलाच प्रश्न टाळला गेला की धरीन.